एचपीव्ही निगेटिव्ह, तरी पुढची तपासणी कशाला?

प्रश्न : मिस्टरांची नोकरी रिफायनरीत, म्हणून आम्ही पानिपतला. माझ्या जाऊबाईंच्या पॅप स्मिअरच्या रिपोर्टात ‘अटिपिकल ग्लँड्युलर सेल्स’ आलंय. एचपीव्ही निगेटिव्ह आहे, मग पुढचं कशाला, असं घरात चाललंय. गर्भाशयमुखाचे दुर्मीळ कॅन्सर स्मिअरमध्ये कळतात का?
— एक वाचक, पानिपत

उत्तर : संशय घेता येतो, नाव बहुतेक वेळा बायॉप्सीतूनच ठरतं.

गर्भाशयमुखाचे बहुतांश कॅन्सर स्क्वेमस पेशींचे असतात, त्याखालोखाल ग्रंथीपेशींचे. स्मॉल सेल, क्लिअर सेल, ग्लासी सेल हे फार क्वचित. ते क्वचित दिसतात ही एक अडचण; काही अगदी निरुपद्रवी दिसतात ही मोठी अडचण. स्मॉल सेल घ्या. पेशी बारीक, पेशीद्रव नावाला, केंद्रकात मीठमिरी भुरभुरल्यासारखे ठिपके. पाळी गेलेल्या बाईच्या स्मिअरमध्ये जुन्या दाहामुळे लिम्फोसाइट जमतात, तेही असेच बारीक. पण लिम्फोसाइट सुटेसुटे पडतात. स्मॉल सेलची केंद्रकं एकमेकांना खेटून, एकमेकांच्या आकाराला वळण देत बसतात. हा कॅन्सर लवकर पसरतो, म्हणून ही नजरचूक महागात पडते.

तुमच्या घरातल्या वादाशी मात्र गॅस्ट्रिक प्रकाराचा जास्त संबंध आहे. हा ग्रंथीपेशींचा कॅन्सर असला तरी त्याचा एचपीव्हीशी संबंध नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या वर्गीकरणात तो एचपीव्हीमुळे न होणाऱ्या गटात आहे. याच्या एका उपप्रकारात पेशी इतक्या शहाण्यासारख्या वागतात की स्मिअर नॉर्मल म्हणून सुटू शकतो. तिथे रंग मदतीला येतो. पॅपच्या रंगात नेहमीच्या ग्रंथींचा श्लेष्मा गुलाबीसर दिसतो, या पेशींतला पिवळा-सोनेरी. जपानी पॅथॉलॉजिस्टांनी या छटेकडे लक्ष वेधलं. सतत पाण्यासारखा स्राव जात असेल, तर डॉक्टरांना न लाजता सांगावं.

म्हणून एचपीव्ही तपासणी कुचकामी ठरत नाही. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात सव्वा लाखाहून अधिक बायकांवर झालेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. आयुष्यात एकदा केलेल्या या तपासणीमुळे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्याने घटले. चाळणी म्हणून ती उत्तमच आहे. पण ती विषाणू शोधते. ज्या कॅन्सरला विषाणू लागतच नाही, तो तिला कसा सापडणार?

आता जाऊबाईंबद्दल. घाबरू नका. हा शेरा म्हणजे कॅन्सर नव्हे. पॉलिप, दाह, अगदी तांबी बसवलेली असली तरी ग्रंथीपेशी अशा दिसू शकतात. मात्र हा शेरा आल्यावर, एचपीव्ही काहीही असो, कॉल्पोस्कोपी आणि गर्भाशयमुखाच्या आतल्या नळीचा नमुना घ्यायचा असतो. वय ३५ च्या पुढे असेल, तर गर्भाशयाच्या अस्तराचाही. सहा महिन्यांनी नुसता स्मिअर पुन्हा करू, ही तडजोड इथे चालत नाही.

तुम्हाला रोहतकचं पीजीआय किंवा झज्जर जिल्ह्यातल्या बाढसा इथली एम्सची राष्ट्रीय कर्करोग संस्था फार लांब नाही. जाताना रिपोर्टाच्या कागदाबरोबर लॅबमधून मूळ स्लाइडही मागून घ्या, म्हणजे तिथल्या पॅथॉलॉजिस्टला ती बायॉप्सीच्या जोडीला ठेवून पाहता येईल.