गळणं म्हणजे लघवी होणं नव्हे

डॅशहाउंड, बीगल, शित्झू, कॉकर, फ्रेंच बुलडॉग ज्यांच्या घरी आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय. आणि मनातली जळजळ अजून गेलेली नाही, म्हणूनही.

माझ्या कुत्र्याचे, चिकूचे, मागचे पाय सोफ्यावरून उडी मारल्यामुळे गेले, असं आमच्या सोसायटीत ठरलंय. उडी निव्वळ निमित्त. या जातींत मणक्यांमधली गादी तरुणपणीच वाळते, कडक होते आणि एक दिवस फुटून मज्जारज्जूवर दाबली जाऊ शकते. आखूड पायांशी संबंधित जनुकीय बदलाचा या दुखण्याशी थेट संबंध आहे, हे २०१७ साली संशोधकांनी दाखवून दिलं. तेव्हा ‘तुम्हीच उड्या मारू दिल्यात’ हे कुणाचं ऐकून घेऊ नका. मी फार ऐकलं.

पहिल्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, ‘हाडं ठीक आहेत’ म्हणाले, स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं आणि आराम सांगून घरी पाठवलं. एक्स-रेमध्ये मज्जारज्जू दिसतच नाही, त्यासाठी एमआरआय लागतो. पण हे त्यांनी सांगायचं की मी? घरी अंथरूण सारखं ओलं व्हायला लागलं. चिकू अस्वस्थ, धापा टाकतोय, पोट टणक लागतंय. फोन केला तर उत्तर आलं, “लघवी होतेय ना ताई, मग झालं. तुम्ही फार विचार करता.”

दुसरीकडे नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी पोटाला हात लावला आणि त्यांचा चेहराच बदलला. काही न बोलता त्यांनी माझा हात धरून त्याच्या पोटावर ठेवला. आत फुगलेला, ताणलेला गोळा. मग त्यांनी दोन्ही हातांनी हळूहळू दाब दिला आणि ट्रे भरेपर्यंत धार थांबेना. चिकूने मान टाकली आणि तिथेच झोपला. किती वेळ तो ते सोसत होता, या विचाराने मला तिथेच रडू फुटलं. मेंदूचा निरोप खाली पोचत नाही, म्हणून मूत्राशयाचं तोंड उघडत नाही. भरून वाहिलं की थेंब थेंब गळतं, आणि आपल्याला वाटतं लघवी होतेय. असं ताणलेलं राहिलं तर तिथला स्नायू सैल पडतो, जंतुसंसर्ग होतो, तो मूत्रपिंडापर्यंत जाऊ शकतो.

फाइल घेऊन पहिल्या दवाखान्यात गेले. “आम्ही सांगितलं होतं, तुमच्या लक्षात राहिलं नसेल.” चिठ्ठी अजून माझ्याकडे आहे. त्यावर इंजेक्शन आहे, गोळ्या आहेत, ‘आराम’ आहे. लघवीबद्दल एक अक्षर नाही.

तेव्हा आधी मूत्राशय रिकामं करायला शिका. पोटावर दोन्ही बाजूंनी सपाट बोटं ठेवून मागच्या पायांच्या दिशेने संथ, सलग दाब द्यायचा; हिसका नाही. दिवसातून तीन-चार वेळा. डॉक्टरांसमोर स्वतःच्या हाताने करून दाखवल्याशिवाय घरी निघू नका. लघवी गढूळ, लालसर किंवा उग्र वासाची झाली की तपासायला द्या.

मागच्या पायाचं बोट चिमटल्यावर कुत्र्याने पाय मागे ओढला म्हणजे वेदनेची संवेदना आहे, असं कुणी म्हणालं तर मानू नका. पाय नुसत्या प्रतिक्षिप्त क्रियेनेही ओढला जातो. तोंडाकडे बघा. तो वळून बघतो का, ओरडतो का, चावायला येतो का? संवेदना शाबूत असेल तर ऑपरेशननंतर बहुतेक कुत्री पुन्हा चालतात. ती गेली असेल तर निम्म्याच्या आसपास, म्हणून त्याच दिवशी ऑपरेशनचं विचारा. तुम्ही पुण्यात असाल आणि तिथे एमआरआयचा नंबर लागत नसेल तर मुंबईत महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं प्राण्यांचं रुग्णालय २०२४ पासून सुरू आहे, तिथे चौकशी करा. पैशांची तजवीज आधीपासून असलेली बरी.

स्टेरॉइड आणि सूज उतरवणारी वेदनाशामक गोळी (एनएसएआयडी) एकत्र कधीच नाही; पोटात व्रण होऊन रक्तस्राव होऊ शकतो, शी काळी होते. डॉक्टर बदललात तर आधीच्या इंजेक्शनचं नाव त्यांनी विचारलं नाही तरी सांगा. घरातल्या डब्यातली आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक तर अजिबात नको. मज्जातंतूंच्या वेदनेवरचं गॅबापेंटिन माणसांच्या सिरपमधून देणार असाल तर बाटलीवर झायलिटॉल लिहिलंय का वाचा. ते कुत्र्याला विष आहे.

ऑपरेशन केलं नाही तर निदान चार आठवडे पिंजरा. वळता येईल, आडवं होता येईल एवढाच. शी-शूसाठी पोटाखाली टॉवेल धरून बाहेर. “मुक्या जिवाला कोंडलंय, पाप लागेल” असं आमच्या खालच्या मजल्यावरचे काका जिन्यात उभे राहून रोज म्हणायचे. त्यांचा कुत्रा नव्हता, मज्जारज्जूही त्यांचा नव्हता. तुम्ही लक्ष देऊ नका. तेलाची बाटली घेऊन येणारेही भेटतील. सुरुवातीच्या दिवसांत मालीश नको म्हणजे नको.

उचलताना एक हात छातीखाली, एक कमरेखाली, पाठ सरळ. फरशी गुळगुळीत असेल तर योगा मॅट अंथरा. अ‍ॅक्टिवावर पायापाशी उभं करून नेणं बंद. रिक्षात पिंजऱ्यासकट न्या आणि स्पीडब्रेकरला हळू घ्यायला आधीच सांगा. धीर धरा, खाणं आटोक्यात ठेवा, वजन वाढू देऊ नका.

चिकू आता चालतो, मागून झोकांड्या खातो, पण चालतो. आणि तुम्ही दवाखान्यातून निघताना लघवीचं काय करायचं ते चिठ्ठीवर लिहून मागा. ‘त्याची गरज नाही’ म्हणाले, तर तेही सहीनिशी लिहून घ्या.