चाचणी कधी पास, कधी नापास?

प्रश्न : आमच्या वेब अॅप्लिकेशनसाठी मी सेलेनियमवर ८० स्वयंचलित चाचण्या लिहिल्या आहेत. कोडला हातही न लावता रोज दोन-चार नापास होतात; पुन्हा चालवल्या की पास! प्रत्येक पायरीनंतर ५ सेकंद थांबायला लावलं, तरी तेच. साधनच बदलू का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : घाबरू नका, हे दुखणं बहुतेक टीमना होतं आणि ते बरंही होतं. दोष सहसा साधनाचा नसतो. सर्व्हर मंदावला तर ५ सेकंद अपुरे पडतात, एरवी ते वाया जातात. म्हणून वेळ नव्हे, अट घाला : ‘बटण क्लिक करण्याजोगं होईपर्यंत थांब’. सेलेनियममध्ये त्यासाठी ‘वेबड्रायव्हरवेट’ आहे. प्लेराइट हे दुसरं साधन क्लिकपूर्वी अशी तपासणी आपणहून करतं. पण चाचण्या एकमेकींच्या डेटावर विसंबून असतील, तर तिथेही गुण येणार नाही.

चाचण्यांचा क्रम बदलून पाहा. निकाल बदलला, तर प्रत्येक चाचणीला आपला युजर आणि डेटा स्वतः तयार करू द्या. शिवाय सगळंच ब्राउझरमधून तपासू नका : हिशेबाचे नियम युनिट टेस्टने तपासा. ब्राउझरमधल्या चाचण्या लॉगिन, पैसे भरणं अशा मोजक्या वाटांसाठी राखा.

मात्र ‘पुन्हा चालवा, होईल पास’ ही सवय लावून घेऊ नका. ‘लांडगा आला रे’सारखं होऊन खरी चूक निसटेल. नापास होताना स्क्रीनशॉट आणि लॉग जपा. आणि ग्राहकांच्या चालू डेटाबेसवर या चाचण्या कधीही चालवू नका.