नाक दाबलं, झोप उडाली

एकवीस दिवसांच्या स्वप्न-शिबिराच्या सरांनी मला ग्रुपमधून काढलं ते दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी. मी प्रश्न टाकला होता दोन वाजता. म्हणजे दहा मिनिटं तरी त्यांनी विचार केला, एवढं श्रेय मी त्यांना देते. त्यानंतर ‘नकारात्मक ऊर्जेला प्रेमाने निरोप’ असा मेसेज पडला आणि त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली, हे मला तिथल्याच एका ताईंनी गुपचूप कळवलं. हात जोडणाऱ्यांत त्याही होत्या. असो.

मला कुणी भोळीभाबडी समजू नये. एकतीस वर्षं बँकेच्या काउंटरवर बसले आहे, खोटी सही उलटी धरली तरी ओळखते. शिबिराचे पैसे भरण्याआधी मी चौकशीही केली होती. स्वप्न चालू असतानाच ‘हे स्वप्न आहे’ असं कळणं, म्हणजे सजग स्वप्न, लुसिड ड्रीम. ही थाप नाही. हे नाव फ्रेडरिक व्हान एडन या डच मानसोपचारतज्ज्ञांनी १९१३ साली दिलं. इंग्लंडच्या हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी १९७५ मध्ये ॲलन वर्स्ली या गृहस्थांना झोपवलं, तेव्हा वर्स्लींनी ठरल्याप्रमाणे डोळे डावी-उजवीकडे फिरवून थेट स्वप्नातून खूण केली आणि ती यंत्रावर उमटली. पुढे स्टॅनफर्डमध्ये स्टीफन लाबर्ज यांनी त्यावर वर्षानुवर्षं काम केलं. विषय खरा होता, म्हणूनच तर मी अडकले. खोटा असता तर पहिल्याच दिवशी उठून गेले असते.

आणि मला काही हवेत उडायचं नव्हतं. मला हरिश्चंद्रगडावर जायचं होतं. सात वेळा गेले आहे. बहुतेकदा खिरेश्वरहून टोलार खिंडीने, शेवटी दोनदा पाचनईहून, कारण तोवर गुडघे बोलायला लागले होते. मग हाडांच्या डॉक्टरांनी जिनेसुद्धा मोजून चढा म्हणून सांगितलं. ज्याचे गड सुटले त्याला कुणी म्हणालं की झोपेत कुठेही जाता येतं, तर साडेसहा हजार रुपये जड वाटत नाहीत. जीएसटी वेगळा. त्याची पावती आजतागायत मिळालेली नाही.

पहिला आठवडा बरा गेला, हे कबूल करायला हवं. स्वप्नं लिहून काढायची. जाग आली की हलायचं नाही, कूससुद्धा बदलायची नाही, डोळे मिटूनच स्वप्नाचं शेपूट पकडायचं आणि मागे मागे जायचं. मग वही. वहीच हवी. मी दोन दिवस मोबाइलवर लिहून पाहिलं, तर आधी पुतणीच्या साखरपुड्याचे फोटो दिसले आणि स्वप्न गेलं ते गेलंच. ‘मला स्वप्नंच पडत नाहीत’ असं आयुष्यभर सांगणाऱ्या माझं पाचव्या दिवशी अर्धं पान भरलं.

दुसरं काम नाकाचं. दिवसातून आठ-दहा वेळा नाक दाबून, तोंड मिटून श्वास घेऊन बघायचा. जागे असलो तर येत नाही, स्वप्नात मात्र खुशाल येतो. दिवसा सवय लागली की हात स्वप्नातही नाकाकडे जातो. घड्याळ पाहा, बोटं मोजा, पाटी दोनदा वाचा असे इतर प्रकारही आहेत, पण मला नाकाइतका भरवशाचा एकही वाटला नाही. फक्त चारचौघांत करू नका. पेन्शनच्या रांगेतल्या एका आजोबांनी मला विचारलं, “मॅडम, काही वास येतोय का?”

तिसरं म्हणजे गजर. इथे माझं डोकं अजून तापतं. डोळे फिरतात आणि स्वप्नं रंगतात ती झोप पहाटेकडे लांबत जाते. म्हणून पाच-साडेपाच तासांनी उठायचं, थोडा वेळ जागं राहायचं आणि ‘पुढच्या स्वप्नात मला कळेल की हे स्वप्न आहे’ असं मनाशी घोळवत, मघाचंच स्वप्न डोळ्यांपुढे आणत परत झोपायचं. पद्धत लाबर्ज यांची. सरांनी तिला एक संस्कृत नाव दिलं होतं आणि ती हिमालयातून आली असं सांगितलं होतं. हिमालयाची स्वतःची परंपरा आहे की! तिबेटी बौद्धांत नारोपाच्या सहा साधनांत स्वप्नयोग येतो, आपल्या योगसूत्रांत पहिल्याच पादात स्वप्नाच्या ज्ञानाचा आधार घेण्याचं सूत्र आहे. ती माणसं त्यासाठी आयुष्य घालवतात. मांडूक्य उपनिषदातलं तुरीय, म्हणजे चौथी अवस्था, तर स्वप्नाच्याही पलीकडचं. एकवीस दिवसांत ते घरपोच मिळत नाही.

तर गजर साडेतीनचा. एकवीसही रात्री! सर स्वतः ‘सुप्रभात’ टाकायचे सकाळी अकराला. मला डोंबिवलीहून सात बावीसची लोकल असते. चौदाव्या दिवशी मी एका गिऱ्हाइकाला पाचशेच्या दहा नोटा जास्त मोजून दिल्या. मशीनमधून न काढता. त्या भल्या माणसाने जिन्यावरून परत येऊन दिल्या म्हणून निभावलं. एकतीस वर्षांत अशी माझी पहिली चूक. आमचे हे तर बिचारे कशातच नव्हते, तरी गजराने रोज दचकून उठायचे, पंख्याकडे बघत पडायचे आणि काही बोलायचे नाहीत.

पण नवव्या रात्रीचं सांगायलाच हवं. स्वप्नात मी केदारेश्वराच्या गुहेत होते, कमरेइतक्या थंडगार पाण्यात, मधे ते मोठं लिंग. आजूबाजूला बघते तर चारही खांब धड! गडावर गेलेल्यांना माहीत आहे, तिथे एकच खांब शाबूत आहे. मी तिथेच म्हणाले, हे स्वप्न आहे. नाक दाबलं. श्वास आला, आणि काय आला! तशी पाण्यातून निघाले आणि कोकणकड्याकडे पळत सुटले. पळत! गुडघ्यांचा पत्ता नाही. कडा दिसला, खालून ढग वर येत होते, आणि मला इतका आनंद झाला की सगळं विरलं आणि छतावरचा पंखा दिसला. अर्धं मिनिट असेल. आनंदाने जाग येते, हे नंतर कळलं. स्वप्न निसटायला लागलं की हात एकमेकांवर चोळायचे किंवा जागेवर गिरकी घ्यायची, म्हणजे ते थोडं टिकतं. हे शिबिरात सतराव्या दिवशी शिकवणार होते म्हणे.

बाराव्या रात्री उताणं पडून, शरीर झोपू द्यायचं आणि मन जागं ठेवायचं असा प्रकार होता. मन जागं राहिलं खरं. हात हलेना, मान हलेना, आवाज फुटेना. कपाटापाशी कुणीतरी उभं आहे याची शंभर टक्के खात्री. हे दीड फुटावर घोरत होते. आमची आजी म्हणायची, छातीवर बसतं. स्वप्नं पडणाऱ्या झोपेत आपण खरोखर हातपाय मारू नयेत म्हणून मेंदू स्नायू सैल करून ठेवतो, त्यातच जाग आली की असं होतं आणि मिनिट-दोन मिनिटांत सुटतं, हे मला दुसऱ्या दिवशी वाचून कळलं. सर म्हणाले, “ताई, ते दार आहे. घाबरलात म्हणून परत आलात.”

मग आलं हिमपुष्प. ‘शंभर टक्के नैसर्गिक’ कॅप्सूल, दहांचे साडेअठराशे, कुरिअरने. पहिल्या रात्री स्वप्नं सिनेमासारखी पडली आणि सकाळी मळमळ. दुसऱ्या सकाळी मोरीपर्यंत जाताना घेरी आली. बीपीचं यंत्र लावलं तर नाडी ४६. माझी साठच्या पुढे असते.

बीपीच्या गोळ्या आणायला गेले तेव्हा पर्समधली ती डबीही आमच्या कोपऱ्यावरच्या केमिस्टला दाखवली. पंचवीस-सव्वीसचा मुलगा. त्याने चष्मा कपाळावर चढवला, डबी उजेडात धरली आणि बारीक अक्षरं वाचली. गॅलॅन्टामिन, ८ मि.ग्रॅ. मग माझ्या बीपीच्या गोळ्यांकडे बघितलं. मग माझ्याकडे. “काकू, हे अल्झायमरच्या पेशंटना देतात. आमच्याकडे चिठ्ठीशिवाय मिळत नाही. आणि तुमची ही गोळी आधीच ठोके कमी करते. दोन्ही सोबत कुणी दिलं?” मागे लोक उभे होते. मला काउंटरच्या अलीकडे उभं राहून लाज वाटायची वेळ तोवर कधी आली नव्हती. कुणी दिलं याचं उत्तर ‘सरांनी’ असं द्यायचं होतं, आणि तो शब्द तोंडातून निघेना.

डॉक्टरांनी ईसीजी काढला, कॅप्सूल बंद केल्या, चार दिवसांत नाडी जागेवर आली. मग मी प्रश्न टाकला, तोही सौम्य: ही कॅप्सूल देण्याआधी आपण कुणालाही चालू औषधं विचारली होती का? याआधी सरांनी या औषधाच्या अभ्यासाचा दाखला दिला होता. तो अभ्यास खरा आहे, लाबर्ज आणि सहकाऱ्यांचा, २०१८ चा, १२१ जणांवरचा. आठ मिलिग्रॅमवर ४२ टक्क्यांना सजग स्वप्न पडलं, हे सरांनी मोठ्या अक्षरांत टाकलं. नुसत्या नकली गोळीवरही १४ टक्क्यांना पडलं आणि भाग घेणारी मंडळी मुळात स्वप्नं आठवण्यात तरबेज होती, हे टाकलं नाही. मी ते टाकलं. उत्तर आलं, “शरीर शुद्ध होतं तेव्हा त्रास होतोच. शंका ही पहिली बेडी.” पुढचं वर सांगितलंच आहे.

आता ज्यांना करायचंच आहे त्यांच्यासाठी. स्वप्नांची वही आणि नाक, एवढंच महिनाभर करा, फुकट आहे. गजर लावायचाच तर शनिवारी रात्री, रविवारी सुट्टी असेल तरच, आणि शेजारी झोपणाऱ्याला विचारून. परत पडल्यावर लवकर झोप लागली तर ती पद्धत चालते. ऑस्ट्रेलियातल्या डेनहोम ॲस्पी यांच्या अभ्यासात पाच मिनिटांत झोपी गेलेल्यांना यश बरंच जास्त आलं, ४६ टक्के. तळमळत पडलात तर त्या रात्रीपुरतं सोडून द्या. उताणं झोपू नका, कुशीवर झोपा, छातीवर बसणं कमी होतं. बसलंच तर अख्खं अंग झटकू नका, पायाचा अंगठा हलवायचा प्रयत्न करा आणि श्वासाकडे लक्ष द्या. गोळी, कॅप्सूल, अर्क काहीही असो, आपल्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय तोंडात टाकू नका, मग त्याला फुलाचं नाव असो नाहीतर देवाचं. पूर्वी कधी भास होण्याचा आजार झाला असेल, तर या वाटेला जाऊच नका. जागेपण आणि स्वप्न यांतली रेघ आपणहून पुसट करणं अशा माणसाला परवडणारं नाही. रात्री हलकं जेवा वगैरे तुम्हाला माहीत आहेच. आणि पैसे भरताना पावती घ्या. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर मी आता पाठ केला आहे. तक्रार केली आहे. उरलेल्या आठ कॅप्सूल पुराव्यासाठी कपाटात, लॉकरच्या चाव्यांशेजारी ठेवल्या आहेत.

गजर काढून टाकला त्याला चार महिने झाले. तरी जाग साडेतीनलाच येते, मिनिटाचाही फरक नाही. परवा तशीच उठून स्वयंपाकघरात गेले तर दिवा लागलेला. हे ओट्याशी उभे, गॅसवर चहाचं आधण. म्हणाले, “मलाही सवय लागली गं.” आणि दुसरा कप काढला.