सहीखालून पुसलेला शब्द

शिकागोतल्या एका स्ट्रक्चरल कन्सल्टन्सीत सोमवारी सकाळी सव्वानऊला ई-मेल आला. मजकूर तीन ओळींचा. ‘अभिनंदन. नावापुढे पीई लिहायला हरकत नाही. मात्र त्याखालचं “स्ट्रक्चरल इंजिनिअर” आजच काढ, इलिनॉयमध्ये तू ते नाहीस.’ पाठवणारा साहेब, घेणारा प्रस्तुत लेखक, आणि सीसीमध्ये ऑफिसातली अकरा माणसं. त्यांत मागच्याच महिन्यात रुजू झालेली इंटर्नसुद्धा.

प्रस्तुत लेखक तोवर बारा वर्षं स्ट्रक्चरल डिझाइनच करत होता. दुसरं काही त्याला येतही नाही. उमरग्याहून निघून मराठवाड्यातलं बी.ई., मग अमेरिकेत एम.एस., मग इंडियाना राज्यात सात वर्षं नोकरी आणि २०१८ मध्ये पहिल्या फटक्यात पीई, म्हणजे प्रोफेशनल इंजिनिअरचा परवाना. त्या दिवशी वडिलांनी गल्लीत पेढे वाटले होते. २०२२ मध्ये शिकागोची नोकरी मिळाली, पीईचा परवाना इलिनॉयमध्येही काढला, आणि हौसेने ई-मेलच्या सहीखाली तो शब्द टाकला. पंधरा मिनिटांत पुसावा लागला.

साहेबाचं चुकलं नव्हतं, हेच जास्त झोंबतं. अमेरिकेत इंजिनिअरला परवाना देश देत नाही, राज्य देतं. पहिला कायदा वायोमिंगने १९०७ मध्ये केला, तोही पाटाच्या पाण्याच्या हक्कांसाठी नकाशे कोणीही ऐरागैरा काढून देत होता म्हणून. इलिनॉयने १९१५ मध्ये एक पाऊल पुढे टाकलं आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरसाठी वेगळाच परवाना आणला. तिथे ‘स्ट्रक्चरल इंजिनिअर’ ही नुसती ओळख नाही, ती कायद्याने राखून ठेवलेली पदवी आहे. ती लावायची आणि इमारतीच्या स्ट्रक्चरल ड्रॉइंगवर शिक्का मारायचा, तर तो वेगळा परवाना, म्हणजे एसई, हवा. पीई कितीही जुना असला तरी तो तिथे सिव्हिलवालाच.

मग राग कशाचा? मुलाखतीचा. जाहिरातीत लिहिलं होतं, ‘पीई आवश्यक, एसई असल्यास उत्तम’. लेखकाने सरळ विचारलं होतं, एसईशिवाय अडेल का? साहेब हसून म्हणाला, ‘पीई आहे ना? मग झालं.’ त्याचं झालं होतं, हे कळायला लेखकाला दहा महिने लागले. डिझाइन करणारा माणूस एसईपेक्षा कमी पगारात मिळाला, आणि शिक्का साहेबाचाच राहिला. लेखकाने चार मजली पार्किंगचं अख्खं डिझाइन केलं, त्याच्या ड्रॉइंगवर लेखकाचं नाव ‘चेक्ड बाय’च्या चौकटीतसुद्धा नाही. ‘असल्यास उत्तम’ या दोन शब्दांचा अर्थ मुलाखतीतच लेखी मागावा, म्हणजे शिक्का कोण मारणार, बढती कशावर अवलंबून आणि परीक्षेची फी कोण भरणार. फी या ऑफिसाने भरली नाही. ‘ती तुझी वैयक्तिक गुंतवणूक आहे,’ असं उत्तर मिळालं.

दुसरा राग कोचिंगवाल्यांवर. २०१८ च्या आधी त्यांना फोनवर विचारलं, ‘मी स्ट्रक्चरलवाला आहे, कोणती परीक्षा देऊ?’ उत्तर आलं, ‘मग स्ट्रक्चरलच द्या.’ तेवढ्यावर हजारो डॉलरचं पॅकेज गळ्यात पडलं. ‘पास नाही तर पैसे परत’ ही त्यांची हमी सगळे लाइव्ह तास एकही न चुकवता बसणाऱ्यालाच लागू होती, हे बारीक अक्षरांत. पण खरी मेख नावात आहे. परीक्षा घेणारी संस्था एकच, एनसीईईएस. तिच्या एका परीक्षेचं नाव ‘पीई सिव्हिल: स्ट्रक्चरल’, दुसरीचं नुसतं ‘पीई स्ट्रक्चरल’. पहिली आठ तासांची, ८० प्रश्नांची, पर्यायी उत्तरांची. दुसरी म्हणजे एसई. २०११ पासून ती दोन दिवस, एकूण सोळा तास चालायची. एका दिवशी उभे भार, दुसऱ्या दिवशी वारा आणि भूकंपाचे आडवे, आणि दुपारच्या सत्रात पानंच्या पानं हाताने सोडवायची. एक चक्कर आठ आण्यांची, दुसरी पंढरपूरची पायी वारी.

पुण्याहून, नागपूरहून मुलं निरोप पाठवतात, ‘दादा, पीई देऊ की एसई?’ दादाचा उलटा प्रश्न एकच असतो, शिक्का कोणत्या राज्यात मारायचाय? इलिनॉय किंवा हवाई असेल तर एसईशिवाय गत्यंतर नाही. कॅलिफोर्नियात सिव्हिल पीई बऱ्याच इमारती डिझाइन करू शकतो, पण सरकारी शाळा आणि हॉस्पिटलं एसईकडेच जातात. शिवाय तिथल्या सिव्हिल पीईला भूकंप आणि सर्वेक्षण अशा राज्याच्या दोन जादा परीक्षा द्याव्या लागतात. वॉशिंग्टन राज्यात ठरावीक मोठ्या, महत्त्वाच्या इमारतींना एसई लागतो. इंडियानासारख्या राज्यांत पीईवर पोट भरतं, आणि कित्येक राज्यांत आधी पीई असल्याशिवाय पुढे सरकताच येत नाही, म्हणून तो वायाही जात नाही. हे सगळं त्या त्या राज्याच्या बोर्डाच्या कायद्यात साध्या इंग्रजीत लिहिलेलं असतं. वाचायला एक संध्याकाळ पुरते. प्रस्तुत लेखकाने ती संध्याकाळ सात वर्षं पुढे ढकलली.

पदवीचं एक वेगळंच लफडं आहे. अभियांत्रिकी पदव्यांना देशोदेशी परस्पर मान्यता देणारा एक वॉशिंग्टन करार आहे, भारत १३ जून २०१४ रोजी त्याचा पूर्ण सदस्य झाला. त्याआधीच्या पदव्यांना, आणि नंतरच्याही ज्या अभ्यासक्रमांना त्या पातळीची मान्यता नाही त्यांना, तो करार कामाला येत नाही. मग पदवीचं मूल्यमापन करून घ्यावं लागतं. गणित आणि मूलभूत विज्ञान मिळून ३२ क्रेडिट तास, अभियांत्रिकीचे ४८. आपल्याकडच्या बी.ई.त अभियांत्रिकी उतू जाते, पण भाषा-समाजशास्त्राच्या खात्यात खडखडाट. लेखकाच्या अहवालात नेमकं तेच निघालं, आणि पस्तिशीत त्याला संध्याकाळच्या कॉलेजात अठरा वर्षांच्या पोरांबरोबर समाजशास्त्राच्या वर्गाला बसावं लागलं. गुणपत्रकं विद्यापीठाकडून थेट, सीलबंद यावी लागतात. भावाने त्यासाठी पाच खेटे घातले. एका खिडकीवर त्याला सांगण्यात आलं, ‘तो तिकडे पोचलाय ना, मग आता कशाला पाहिजे?’ विमानात बसण्याआधी दोन-तीन सीलबंद संच आणि सगळ्या सत्रांचा अभ्यासक्रम शिक्क्यासकट काढून ठेवा. कोणताही कोचिंग क्लास हे सांगत नाही.

एसईला लेखक एप्रिल २०२३ मध्ये बसला. तेव्हा परीक्षा कागदावरची होती, बांधीव पुस्तकं आत नेता यायची. माणसं चाकांच्या बॅगा ओढत यायची, जणू दादर स्टेशनच. उभे भार निघाले. आडवे गेले. निकालात दुपारच्या प्रश्नांपुढे शेरा होता, ‘सुधारणा आवश्यक’.

आणि हे कोणाच्या बाबतीत? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी हादरली तेव्हा हा लेखक आठ वर्षांचा होता. गणपती आदल्याच दिवशी बुडवले होते. पुढचे तीन आठवडे उमरग्यात त्याचं घर अंगणातच झोपलं. माळवदाची घरं का बसली, हे त्याला आज कोणीही झोपेतून उठवून विचारावं. दगडाच्या जाड भिंती, दोन पदरांना बांधणारे लांब दगड नाहीत, आणि डोक्यावर दीड-दोन फूट माती. भूकंपाचं बळ वजनाच्या प्रमाणात येतं, म्हणजे जितकं डोक्यावर, तितकं मुळावर. अमेरिकी कोडही हेच सांगतो, बेस शिअर म्हणजे एक गुणांक गुणिले वजन. त्यावरच्या परीक्षेत हा माणूस नापास.

कारण उघड होतं, फक्त ते बघायची लाज वाटत होती. बारा वर्षांत त्याच्या इमारतींवर वाराच भारी पडला, भूकंपाचं डिझाइन त्याने नावापुरतं केलं. वर भारतीय कोड डोक्यात खोल बसलेला. तिथे खास तपशिलांनी बांधलेल्या आरसीसी चौकटीला आर, म्हणजे भूकंपाच्या बळाला भागणारा आकडा, ५, इथे ८, आणि घाईत हात जुन्या आकड्याकडे वळतो. एक प्रश्न त्याने बरोबर सोडवला, पण कलेक्टरला, म्हणजे आडवं बळ भिंतीपर्यंत नेणाऱ्या तुळईला, ओव्हरस्ट्रेंग्थचा गुणक लावायचाच विसरला. डायाफ्राम, कलेक्टर आणि इमारतीच्या अनियमिततेचे दोन तक्ते, या तीन ठिकाणी बळी जातात. आपल्याकडून आलेल्यांचे आणखी दोन ठिकाणी जातात, सळई घातलेली काँक्रीट ब्लॉकची भिंत आणि लाकूड. मुंबई-पुण्यात कोण प्लायवुडच्या शिअर वॉलचे खिळे मोजतं? इथे मोजावे लागतात. ही दोन पुस्तकं आधी उघडावीत, स्टील-काँक्रीट शेवटी, कारण ते आपल्याला येत असतं.

ऑक्टोबर २०२३ मध्ये आडवे भार पुन्हा गेले. त्यानंतर कागदच बंद झाला. एप्रिल २०२४ पासून एसई संगणकावर आली आणि दोनाचे चार भाग झाले, उभ्याचे दोन, आडव्याचे दोन. चिकटवलेल्या रंगीत पट्ट्या आता उपयोगाच्या नाहीत. कोड पडद्यावर मिळतो, पण एका वेळी एकच प्रकरण उघडतं. शब्द शोधायचा तरी तो कोणत्या प्रकरणात आहे ते आधी ठाऊक हवं. म्हणून प्रकरणांचे क्रमांक पाढ्यांसारखे पाठ करावेत. एएससीई ७ या भारांच्या कोडमध्ये १२ म्हणजे इमारतींचा भूकंप, १३ बिगर-स्ट्रक्चरल भाग, २६ ते ३० वारा. एसीआय ३१८ या काँक्रीटच्या कोडमध्ये १८ भूकंप, २२ छेदाची ताकद, २५ सळईचे तपशील. घरी सरावही छापील पुस्तकावर करू नका, पडद्यावरच करा, एकाच फाइलवर. पेनऐवजी पुसता येणारी वही आणि मार्कर मिळतो, त्याची सवय नसेल तर पहिला तास अक्षर सुधारण्यात जातो.

कॅल्क्युलेटरची मात्र काळजी नको. परवानगीच्या यादीत कॅसिओचं एफएक्स-९९१ आहे, जे आपल्याकडे प्रत्येक इंजिनिअरिंगच्या पोराच्या दप्तरात असतं. लेखकाने लातूरला घेतलेलं तेच नेलं, झाकणावर अजून रोल नंबर खरडलेला आहे.

बाकी रोज थोडं करा, वेळापत्रक पाळा, आदल्या रात्री झोपा, हे सगळ्यांना माहीत असतं. लेखकालाही होतं. शनिवार-रविवार गेले, दोन दिवाळ्या गेल्या, मुलीने शाळेत ‘माझे बाबा’वर लिहिलं की बाबा खोलीत राहतात. बायको एकदाच म्हणाली, ‘अरे, इंडियानात परत जाऊ या ना, तिथे तू इंजिनिअर होतास.’ तिचं म्हणणं व्यवहाराला धरून होतं. लेखक गेला नाही. हट्ट आहे, हे त्याला मान्य आहे, पण ती अकरा माणसं अजून त्याच ऑफिसात आहेत.

आडव्या भारांचा पहिला भाग २०२४ मध्येच निघाला. दुसरा वर्षातून दोनदाच होतो, आणि त्याच्या ताज्या प्रयत्नाचा निकाल अजून यायचाय. परवा लिफ्टमध्ये साहेबाने मोठ्या आपुलकीने विचारलं, ‘मग, कसा गेला पेपर?’ प्रस्तुत लेखकाने त्याला सांगितलं की आज तळ्यावरून वारा फार आहे.