आधी सिनेमा पाहा, मग गिटार काढ

अलीगंज, लखनौ

चि. मन्या,

तुझा मेल दोनदा वाचला. पहिल्या सिनेमाचं पार्श्वसंगीत मिळालं, फार आनंद झाला. गोष्ट लखनौची आहे म्हणून तू मला काम लावलंस: "आत्या, चौकातला एखादा सारंगीवाला गाठून तास-दोन तास रेकॉर्ड करून पाठव, बाकीचं मी गिटारवर बघतो." सारंगी पाठवणार नाही. का, ते सांगायला पत्र जरा लांबेल.

अरे, सिनेमात रूमी दरवाजा दिसला की सारंगी रडायला लागते, हे आम्ही इथे इतकी वर्षं सोसतो आहोत. दोन मिनिटांनी कबाबचा तवा दिसतो आणि तबला सुरू होतो. तू अजून सिनेमा पाहिलेला नाहीस, फक्त पटकथा वाचलीस, असं तुझ्याच मेलमध्ये आहे. मग सारंगी लागणार हे तुला कोणी सांगितलं? गिटार लागणार हे तरी कोणी सांगितलं?

नौशाद या गावचे, 1919 चा जन्म. त्यांच्या लहानपणी मूकपट होते आणि पडद्यापुढे वादक बसून चित्र बघत बघत वाजवायचे. हा मुलगा थिएटरात जायचा तो पडद्यापेक्षा त्या वादकांसाठी. पुढे घरच्यांशी संगीतावरून बिनसलं, तो मुंबईला पळाला, 1944 च्या 'रतन'नं नाव झालं आणि 1952 च्या 'आन'मध्ये शंभर वादकांचा ताफा उभा केला. हे सगळं पुढचं. मला महत्त्वाचं वाटतं ते थिएटरातलं शिक्षण. वादकाची नजर पडद्यावर आणि हात वाद्यावर. नायिकेनं मान वळवली की सूर बदलायचा, आधी नाही आणि नंतरही नाही. तुझ्या धंद्याची मुळाक्षरं तीच आहेत, मग संगणकावर कितीही ट्रॅक उघडलेस तरी.

आम्ही रेडिओच्या नाटकांना सतार वाजवायचो तेव्हा समोर चित्रही नसायचं. काचेपलीकडे निर्मात्याचं बोट वर जाई आणि आमचा तुकडा सुरू, बोट खाली आलं की बंद. पाच सेकंदांचा तुकडा सात सेकंद झाला तर पुढच्या पात्राचं वाक्य बुडायचं. सतारीवर तासभर आलापी करणाऱ्या बाईला ते पाच सेकंद फार जड गेले. तुलाही जातील. स्टेजवर तुझं सोलो ऐकायला माणसं थांबतात. सिनेमात तू वाजतोयस हे त्यांना कळलंच नाही, तर दिग्दर्शक तुला पुढचा सिनेमा देतो. हा अपमान गिळता येतो का, हे आधी स्वतःला विचार. काहींना गिळता येत नाही, आणि ते चांगले वादक असतात. त्यांनी वादकच राहावं.

आता कामाचं. दिग्दर्शकाला सांग की लॉक झालेला एडिट हवा, आणि त्यावर कुठलंही उसनं संगीत नको. एडिटिंगच्या टेबलावर ही मंडळी दुसऱ्याच सिनेमाचं संगीत तात्पुरतं चिकटवतात, महिनाभर तेच ऐकतात, त्याच्या प्रेमात पडतात, आणि मग तुला म्हणतात, "असंच काहीतरी, पण वेगळं." माझी एक जुनी विद्यार्थिनी मुंबईत ध्वनिमुद्रणाचं काम करते, ती म्हणते, निम्मे संगीतकार इथेच संपतात. तू आधी मुका एडिट पाहा. पहिल्यांदा प्रेक्षकासारखा. दुसऱ्यांदा वही घेऊन: कुठे संगीत हवं, कुठे नको, आणि जिथे हवं तिथे ते पात्राच्या बाजूनं बोलणार की प्रेक्षकाच्या. मग दिग्दर्शकाबरोबर बसून प्रत्येक जागेची वेळ लिहून घे. सत्यजित राय यांचा 'शतरंज के खिलाडी' (1977) याच गावचा, 1856 सालचा, आणि संगीत त्यांचं स्वतःचंच. तो असाच वही घेऊन बघ. संगीत जिथे येत नाही, त्या जागांची यादी कर. तुझ्या तास-दोन तासांच्या सारंगीपेक्षा ती जास्त उपयोगी पडेल.

आणखी एक घोळ तुझ्या डोक्यात दिसतो, तो आधीच काढते. गाणी करणं आणि पार्श्वसंगीत करणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि कित्येकदा माणसंही वेगळी असतात. तू 'इंडियन ओशन'चा भक्त. 'मसान' (2015) मधली गाणी त्यांची, हे तुला माहीत आहे. पण त्या सिनेमाचं पार्श्वसंगीत ब्रुनो कुले या फ्रेंच संगीतकाराचं. बनारसची गोष्ट, दिल्लीच्या बँडची गाणी आणि खाली वाहणारं संगीत एका फ्रेंच माणसाचं, आणि कुठे खटकत नाही. तुझ्या करारात यातलं नेमकं काय लिहिलंय? गाणी नसतील तर गाण्यांची स्वप्नं बघू नकोस.

गिटारवाल्यानं सिनेमात जाणं ही काही आजची गोष्ट नाही. आमच्याच गावचा व्हॅन शिप्ली. 1927 साली इथे जन्मला, ख्रिस्ती घरातला, हिंदुस्थानी संगीत शिकलेला आणि व्हायोलिनही वाजवणारा. स्टील गिटार हातात आली तेव्हा तिला आठ तारा लावून त्यानं आपल्या गळ्याजोगी करून घेतली. मुंबईला गेला, राज कपूरच्या वर्तुळात वावरला आणि सिनेमाची गाणी गिटारवर वाजवून त्याच्या तबकड्या निघाल्या. त्यातल्या कित्येक तबकड्यांवर अ‍ॅकॉर्डियन वाजवणारे इनॉक डॅनिअल्स तुमच्या पुण्याचे. 'रॉक' म्हणावं असं त्या तबकड्यांत काही नाही, तू हसशीलही. पण तार ओढून मींड कशी काढायची ते ऐक. विजेची गिटार इथल्या कानाला परकी वाटू नये म्हणून त्या माणसानं आधी वाद्य बदललं, मग वाजवणं.

बाहेरचे दोघे सांगते, कारण तुझ्या भिंतीवर त्यातल्या एकाचं पोस्टर आहे. राय कूडरनं 'पॅरिस, टेक्सस' (1984) ला संगीत दिलं, त्यात जवळजवळ सगळं काम एका स्लाइड गिटारचं. सूर थोडे आणि मध्ये भलीमोठी मोकळी जागा. हाच माणूस पुढे विश्वमोहन भट्टांबरोबर बसला, त्या 1993 च्या ध्वनिमुद्रिकेला ग्रॅमी मिळालं. दुसरा तुझा रेडिओहेडचा जॉनी ग्रीनवुड. 'देअर विल बी ब्लड' (2007) ऐकताना हा गिटारवाला आहे हे सांगावं लागतं, बहुतेक सगळी तंतुवाद्यं. 'द पॉवर ऑफ द डॉग' (2021) साठी त्याला बँजोसारखं काही हवं होतं, तर त्यानं चेलो बँजोसारखा छेडला. आणि 2015 साली जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यात राजस्थानी वादकांबरोबर 'जुनून' केलं, तिथे तो गर्दीतला एक होऊन बसलाय. एकानं गिटारशिवाय जवळजवळ काही वापरलं नाही, दुसऱ्यानं गिटारच बाजूला ठेवली. दोघांनीही आधी समोरचं पाहिलं होतं. म्हणून गिटार वापरू की नको, हा प्रश्न मला विचारू नकोस. तुझ्या सिनेमाला विचार.

तुझ्या मनात एक भीती आहे, ती तू लिहिली नाहीस पण दिसली: "मी ब्लूज आणि रॉक वाजवणारा, मला शास्त्रीय येत नाही, लखनौच्या सिनेमाला मी कसा पुरणार?" एहसान नूरानी लॉस एंजलिसला जाऊन गिटार शिकलेला ब्लूजचा माणूस. फेंडर कंपनीनं त्याच्या नावाची स्ट्रॅटोकॅस्टर काढली. शंकर-एहसान-लॉय या त्रिकुटानं 'रॉक ऑन' (2008) केला हे ठीकच. पण 2015 साली 'कट्यार काळजात घुसली' सिनेमाची नवी गाणी त्यांच्याकडे आली. 1967 चं दारव्हेकरांचं नाटक, अभिषेकी बुवांचं संगीत, वसंतरावांचा खाँसाहेब. महाराष्ट्रात याला हात लावणं म्हणजे घरचा देव हलवणं. जुनी पदं त्यांनी मानानं ठेवली आणि शेजारी नवी उभी केली. 'अरुणी किरणी'साठी महेश काळ्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. एहसानला राग येतात की नाही मला ठाऊक नसलं तरी चालेल. त्याच्या शेजारी शंकर महादेवन होता. तुझ्या शेजारी कोण आहे? एकट्यानं खोलीत बसून सगळं करायचा हट्ट सोड. लखनौचं गाणं हवं असेल तर ज्याला ते येतं त्याला बोलाव, पैसे दे आणि श्रेयनामावलीत नाव घाल.

हे त्रिकूटही आधी जाहिरातींच्या जिंगल करत होतं. रहमानही 'रोजा' (1992) च्या आधी तेच करत होता. ध्रुव घाणेकर गिटारवाला. जाहिराती केल्या, 2008 चा 'द्रोणा' केला, आणि लोअर परळला 'ब्लू फ्रॉग' (2007) उभं करण्यात त्याचा हात होता, जिथे बँडना आपली स्वतःची गाणी वाजवायला जागा मिळाली. तू मागे फोनवर जिंगलना नाक मुरडलंस. तीस सेकंदांत सुरुवात, वळण आणि शेवट बसवायचा, आणि शिवाय गिऱ्हाइकाचं ऐकून चार वेळा बदलायचं, यापेक्षा स्वस्त शाळा तुला मिळणार नाही. उलट तीच तुला पैसे देईल.

नोटेशन शिक. तुझ्या त्या गिटारच्या टॅबवर वादकांचा ताफा वाजवत नाही. मुंबईच्या स्टुडिओत व्हायोलिनवाले समोरचा स्टाफ नोटेशनचा कागद वाचतात. शंकर-जयकिशनांच्या चाली वादकांसाठी कागदावर उतरवणारे सेबॅस्टियन डिसोझा गोव्याचे होते. त्या काळात हे काम बव्हंशी गोवेकरांनीच केलं. आणि भातखंडे लिपीही शिक म्हणजे बिघडणार नाही. भातखंडे पंडितांनी 1926 साली संगीताचं कॉलेज काढायला लखनौ निवडलं, मॅरिस कॉलेज म्हणायचे तेव्हा. रातंजनकरांनी ते चालवलं, आणि त्यांच्याकडे शिकून गेलेला एक विद्यार्थी म्हणजे संगीतकार रोशन. आपल्या दोन माणसांनी या गावाला दिलेली ही भेट आहे, इथे आलास की कैसरबागेतली ती इमारत दाखवीन.

कान सांभाळ, हे आत्या म्हणून नाही, वादक म्हणून सांगते. तुमच्या तालमीच्या खोलीत मी एकदा पाच मिनिटं बसले होते. 'द हू'चा पीट टाउनशेंड मोठ्या आवाजापायीच कानांचं दुखणं घेऊन बसला. चांगले इअरप्लग घे. पैसे नसतील तर माझ्याकडून घे.

करार मला पाठव, सही करण्याआधी. 'पॅकेज' म्हणून एकच ठोक रक्कम लिहिली असेल तर त्यात वादक, स्टुडिओ, मिक्सिंग सगळं तुझ्याच खिशातून जाणार. ते वजा करून उरतं काय ते कागदावर मांड. किती वेळा बदल करून द्यायचे याचा आकडा लिहून घे. आणि कॉपीराइट कायद्यात 2012 साली दुरुस्ती झाली आहे: थिएटरात सिनेमा दाखवणं सोडून इतर वापरांतून जी रॉयल्टी येते, तिच्यातला संगीतकाराचा वाटा तू लिहून दिलास तरी जात नाही. निर्माता म्हणेल, "सगळे असंच सही करतात." करू देत. रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएस या संस्थेचं सभासदत्व घे आणि सिनेमा झाला की प्रत्येक तुकड्याची यादी, मिनिटं-सेकंदांसकट, करून ठेव. कंटाळवाणं काम आहे, म्हणून कोणी करत नाही.

लखनौचे आवाज हवेत ना? ते देते, पण माझ्या पद्धतीनं. बड्या इमामबाड्याच्या मधल्या दालनाला एकही खांब नाही, लांबी पन्नास मीटरच्या आसपास. गाइड एका टोकाला कागद फाडतो आणि दुसऱ्या टोकाच्या सज्जात तो ऐकू येतो. परवानगी काढून तिथे एक टाळी रेकॉर्ड करू. त्यावरून तुझ्या संगणकात त्या दालनाचा घुमारा बनवता येतो असं तूच मला सांगितलं होतंस. चौकात चिकनच्या कापडावर नक्षी छापणाऱ्यांच्या लाकडी ठशांचा ठोका आहे, त्याला लय आहे, आणि तो कुठल्याच सिनेमात मी ऐकला नाही. मोहरमची सोजख्वानी ऐकायला नेईन, रेकॉर्ड मात्र करायची नाही, तो शोक आहे. तिथे एकही वाद्य नसतं. एकजण म्हणतो आणि बाजूचे नुसता सूर धरून बसतात. तुझ्या गिटारला या गावात काही काम असेलच तर ते मला असलं वाटतं, सूर धरून बसण्याचं. पण हा माझा तर्क झाला, मी तरी कुठे सिनेमा पाहिलाय?

बँड सोडू नकोस. सिनेमात चार वेळा "हे नको" ऐकल्यावर शनिवारी रात्री कोणाला न विचारता वाजवायला एक जागा लागते. ग्रीनवुडनंही इतके सिनेमे केले पण बँड ठेवलाच. नोकरी सोडायचं मात्र लगेच ठरवू नकोस. या सिनेमाचे पैसे हातात येईपर्यंत तरी पगार चालू राहू दे. दादा चिडलाय ते मला माहीत आहे. तो तुझ्या गिटारवर चिडलेला नाही, घरभाडं कोण भरणार यावर चिडलाय, आणि त्यात काही चूक नाही. त्याच्याशी मी बोलते, तू मध्ये पडू नकोस.

एडिट लॉक झाला की इकडे ये. मुंबईहून पुष्पक एक्सप्रेसनं निघालास तर दुसऱ्या दिवशी सकाळी पोचशील. गिटार आण हवी तर, अ‍ॅम्प नको. वरच्या मजल्यावरची भाडेकरीण नुकतीच बाळंत झाली आहे. आणि येताना चितळ्यांची बाकरवडी दोन पाकिटं, इथल्या मिठाईला मी कंटाळले.

तुझी,
आत्या