आधी गाडी, मग चहा

पोरी, लेहला निघालीस म्हटल्यावर सगळे तुला सांगतील, पहाटे लवकर नीघ. ते खरंच आहे. पण त्याहून महत्त्वाचं मी सांगतो: रोज उजेड असताना थांब. मुक्कामाला पोचायचं, गाडी डबल स्टँडवर घ्यायची आणि चहा मागवायच्या आधी अर्धा तास तिला द्यायचा. आमच्या उस्तादांनी मला हेच शिकवलं आणि गॅरेजात आलेल्या लांबच्या गाड्यांनी ते पुन्हा पुन्हा खरं करून दाखवलं. रस्त्यात बंद पडलेली गाडी बहुतेक वेळा आदल्या दिवशीच काहीतरी सांगत असते. सकाळी निघायच्या घाईत ते कळत नाही आणि दुकानंही उघडलेली नसतात. संध्याकाळी मात्र इंजिन गरम असतं, दिवसभरात कुठला आवाज नवीन आला हे कानात ताजं असतं आणि एखादा बोल्ट लागलाच तर बाजारात मिळतो.

सुरुवात चेनपासून कर. गरम चेनवर दिलेलं तेल रोलरच्या आत उतरतं आणि रात्रभर मुरतं. निघताना घाईनं ओतलेलं तेल पहिल्या काही किलोमीटरमध्येच उडतं आणि मागच्या टायरवर बसतं, तिथे ते तुला पाडू शकतं. साधारण ५०० किलोमीटरला एकदा पुसून तेल दे, पाऊस लागला तर त्याच संध्याकाळी. पुसायला रॉकेलात भिजवलेलं फडकं पुरतं. चेन ओ-रिंगची असेल तर पेट्रोल आणि तारेचा ब्रश जवळही नेऊ नकोस, आतलं रबर जातं. इंजिन बंद, गाडी न्यूट्रलला आणि चाक हातानं फिरवायचं. इंजिन चालू ठेवून गिअरमध्ये चेन पुसणाऱ्यांची बोटं गेलेली मी पाहिली आहेत, म्हणून हे तुला दटावून सांगतोय.

ताण बघायचा तो खालच्या बाजूला, दोन स्प्रॉकेटच्या मधोमध. तुझ्या क्लासिक ३५०ला २५ ते ३० मिलिमीटर खेळ हवा. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, त्यामुळे चाक थोडं थोडं फिरवत चार-पाच ठिकाणी बघ आणि जिथे सगळ्यात घट्ट लागेल तिथलं माप धर. नवखी माणसं चेन सैल राहील म्हणून घाबरतात आणि कचकचून ताणतात. मागे सामान लादलं, खड्ड्यात शॉकअप दबला, की चेन आणखी ताणली जाते. सैल चेन खडखडते, तुला कळते. घट्ट चेन आवाज न करता गिअरबॉक्सच्या शाफ्टचं बेअरिंग खाते, आणि ते काम सरचूच्या तंबूत होत नाही. चेन ताणलीस की दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आहेत का बघ आणि मागचा ब्रेक ड्रमचा असेल तर त्याचा खेळही परत लाव, कारण चाक मागे सरकलं की तोही बदलतो. चेनचं लॉक बसवताना क्लिपचं बंद तोंड चेन धावते त्या दिशेला आणि उघडं मागे. दोन लॉक जास्तीचे घे, खिशात मावतात.

मग नट-बोल्ट. एका सिलिंडरची ही गाडी थरथरते आणि थरथरणाऱ्या गाडीचे नट सुटतातच, त्यात कुणाची चूक नसते. सायलेन्सरचे, कॅरिअरचे, हँडलचे, फूटरेस्टचे, इंजिन ज्यावर बसलंय ते मोठे बोल्ट. निघायच्या आधी प्रत्येक नट नीट आवळून त्यावर आणि बाजूच्या पत्र्यावर तुझ्या नेलपॉलिशची एक सरळ रेघ ओढ. संध्याकाळी नुसती नजर फिरवायची. रेघ तुटलेली दिसली तिथेच पाना लावायचा. सगळ्याच नटांना रोज पाना लावत बसलीस तर आटे जातील.

स्पोकसाठी छोटा पाना चाकावरून हलकेच वाजवत जा. ताणलेला स्पोक टण् वाजतो, ढिला बद्द बोलतो. एखादा ढिला असेल तर थोडा आवळ. बरेच बोलले तर हात लावू नकोस, चाक बांधणाऱ्याकडेच ने.

टायरची हवा एवढी एकच गोष्ट सकाळची, कारण ती थंड टायरमध्येच मोजायची. सामानासकट पुढे २२, मागे ३२ पाउंड. पंपावरच्या मीटरवर विसंबू नकोस, स्वतःचा गेज घे. लेहला पोचल्यावर तोच गेज जास्त आकडा दाखवेल. टायरात हवा वाढलेली नसते, बाहेरच्या हवेचा दाब कमी झालेला असतो. थंडीनं तो आकडा थोडा खालीही येतो. तिथे एका सकाळी मोजून पुन्हा २२-३२ करायची आणि खाली उतरलीस की परत भरायची. दुसरी खूण व्हॉल्व्हची. रिममधून तो सरळ बाहेर यायला हवा. तिरका दिसला तर टायर रिमवर सरकतोय आणि ट्यूब ओढली जातेय. आज सरळ केली नाहीस तर उद्या मुळातून फाटेल आणि तिथे पॅच बसत नाही. पुढची-मागची एकेक ट्यूब बरोबर घे. मागचं चाक निघायच्या आधी आपल्या अंगणात एकदा स्वतःच्या हातानं काढून बसव. मी बाजूला उभा राहीन, हात लावणार नाही. ज्या पान्यानं काम केलेलं नाही तो पाना नेऊन उपयोग नसतो.

क्लच वायरचा उस्तादांचा जुना उपाय लक्षात ठेव. नवी वायर डिकीत ठेवायची नाही. जुनीच्या शेजारून, त्याच वळणानं ओढून घ्यायची, दोन्ही टोकांना प्लास्टिक बांधायचं आणि ठिकठिकाणी केबल टाय लावायचे. जुनी तुटली की फक्त दोन टोकं बदलायची, टाकी काढावी लागत नाही. गाटा लूप्सच्या २१ वळणांत, थंडीनं बोटं आखडलेली असताना, हा उपाय करून ठेवल्याचं समाधान तुला कळेल. रेसच्या वायरलाही हेच.

जूनमध्ये राजस्थानातून जाशील तेव्हा दुपारी इंजिनला सावली दे. हे इंजिन हवेवर थंड होतं, सिग्नलला आणि ट्रॅफिकमध्ये उभं राहून नाही. ऑइल रोज बघ: गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून पाचेक मिनिटांनी, बाजूच्या काचेत. त्याच ग्रेडचं एक लिटर जवळ ठेव, मिळेल ते ओतू नकोस.

अटल बोगद्यातून लाहौलात उतरलीस की चंद्रा आणि भागा मिळतात तिथे तांदीचा पंप लागतो. पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर, अशी पाटी तिथे प्रसिद्ध आहे. लेहच्या जरा अलीकडे कारूला पंप आहे, पण त्यावर हिशेब करू नकोस. टाकी साडेतेरा लिटरची, चढावर आणि सामानासकट ॲव्हरेज पडणारच, म्हणून पाच लिटर वेगळं घे. पत्र्याच्या कॅनमध्ये, पाण्याच्या बाटल्यांत नाही. कॅन काठोकाठ भरू नकोस. वर गेल्यावर आतली वाफ फुगते, झाकण सावकाश उघड, गरम सायलेन्सरपासून लांब.

बारालाचाच्या पुढे गाडी रडायला लागेल. टांगलांग ला ५,३०० मीटरच्या वर आहे, हवेचा दाब जवळपास निम्मा. कार्बोरेटर पेट्रोल तेवढंच देतो आणि हवा पुरत नाही, म्हणून धूर काळा आणि प्लगवर काजळी. यात बिघाड काही नाही. लोक घाबरून कार्बोरेटर खोलतात आणि तिथे सुया हरवतात. तू फक्त फिल्टर साफ ठेव, मोरे प्लेन्सची धूळ झटक, खालचा गिअर घे आणि घाई करू नकोस. एक प्लग जास्तीचा असू दे. अगदीच चालेना तर मिक्श्चरचा स्क्रू थोडा बदल. पण तो कुठल्या बाजूला फिरवला की पेट्रोल कमी होतं हे गाडीगणिक वेगळं असतं. ते इथेच माझ्यासमोर बघून घे आणि आता किती आटे उघडा आहे ते वहीत लिही.

बर्फ वितळून रस्त्यावर येणारे नाले सकाळी ओलांड, दुपारनंतर पाणी चढतं. आधी पायी उतरून बघ, मग पहिल्या गिअरमध्ये एकसारखी रेस ठेवून जा, मध्ये थांबू नकोस. गाडी पाण्यात बंद पडून आडवी झाली तर स्टार्टरचं बटण दाबायचं नाही, कितीही मोह झाला तरी. पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. ढकलून बाहेर काढ, प्लग काढ, मग हळूहळू किक मारून पाणी बाहेर येऊ दे, फिल्टर सुकव. ऑइल दुधाळ झालं असेल तर ते बदलल्याशिवाय पुढे जायचं नाही. बाहेर आल्यावर थोडं अंतर हलके ब्रेक दाबत चाल, ओले ब्रेक पहिल्यांदा धरत नाहीत.

लेहला मेकॅनिक चांगले आहेत. दोन दिवस तुला हवेची सवय व्हायला लागतीलच, तेवढ्यात ऑइल बदलून घे आणि ब्रेकचे पॅड बघून घे. परत कारगिल-झोजीवरून येणार असशील तर उतार इंजिनवर उतर, ज्या गिअरमध्ये चढली असतीस त्याच गिअरमध्ये. सोनमर्गला चिखल धुऊन काढ, त्यातले खडे पॅड आणि डिस्क दोन्ही कापतात. वर स्क्रू बदलला असशील तर श्रीनगरला वही काढून तो मोजून जागेवर आण. तसाच ठेवून जम्मूच्या उन्हात चालवलीस तर पेट्रोल कमी पडेल, इंजिन तापेल आणि पिस्टन धरेल. टायरची हवाही तिथेच भर.