दोराचे दुसरे टोक

मराठवाड्यात धान्याचे पेव उघडताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ठाऊक असेल की तोंडावरची दगडमाती दूर सारल्यावर जुनी जाणती माणसे कोणालाही लगेच आत उतरू देत नसत. पेव बराच वेळ उघडे ठेवून, दोराला बांधलेला दिवा खाली सोडून, तो तेवतो की विझतो हे पाहिल्यावरच उतरण्याची परवानगी मिळे. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत टाक्यांत उतरणाऱ्या कामगारांना आणि त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या मुकादमांना शिकविण्यात माझी सारी नोकरी गेली, आणि प्रत्येक नव्या तुकडीपुढे मी या पेवाचीच हकिकत आधी सांगत असे. कारण त्या रीतीतले तत्त्व खरे होते, पण दिवा आज पुरत नाही. हवेत प्राणवायू 20.9 टक्के असतो आणि तो 19.5 टक्क्यांखाली गेला की प्रवेशास मज्जाव करावा लागतो. ज्योत मात्र त्याच्याही बरीच खाली, 16-17 टक्क्यांच्या आसपास विझते. हायड्रोजन सल्फाइडची वार्ता तर दिव्याला लागतच नाही, आणि मिथेन 5 ते 15 टक्क्यांच्या दरम्यान असेल, तर तोच दिवा स्फोटाला कारण होतो.

नाकावर विसंबणे त्याहून घातक. सांडपाण्याच्या टाकीपाशी सडक्या अंड्यासारखी जी दुर्गंधी येते ती या हायड्रोजन सल्फाइडची. परंतु हवेच्या दहा लाख भागांत त्याचे सुमारे शंभर भाग झाले की घ्राणेंद्रियच बधिर होते, आणि "वास गेला, आता हरकत नाही" असे म्हणून माणूस शिडीवर पाय ठेवतो. वाळूजला बिअरचे कारखाने आहेत. तेथे टाकीच्या तळाशी साचणाऱ्या कार्बन डायऑक्साइडला वास नावालाही नसतो. म्हणून गॅस डिटेक्टरने आधी प्राणवायू, मग ज्वलनशील वायू, मग विषारी वायू, आणि तेही वर, मध्ये व तळाशी अशा तिन्ही ठिकाणी तपासावे, आणि माणूस आत असेपर्यंत ते यंत्र त्याच्या अंगावर चालू राहावे.

हे 'चालू राहणे' किती महत्त्वाचे, ते एका कारखान्यात मी डोळ्यांनी पाहिले. टाकीत उतरण्याच्या परवान्यावर सकाळी आठची तपासणी नोंदली होती, सही-शिक्का यथास्थित होता. दुपारी पंप काढण्यासाठी गाळ ढवळला गेला, गाळात कोंडलेला वायू मोकळा झाला, आणि त्याच सकाळच्या दाखल्यावर ठेकेदाराचा एक हेल्पर आत उतरला. चारपाच मिनिटांत त्याचे उत्तर येईनासे झाले. त्याचा चुलतभाऊ तोंडाशीच उभा होता. त्याने चपला काढल्या, एक पाय शिडीवर टाकलाही, तोच मुकादमाने मागून त्याच्या कमरेला मिठी घातली आणि शिव्या खात, लाथा खात त्याला धरून ठेवले. खालच्या मुलाच्या अंगावर हार्नेस होता, वर तिपाईवर हातरहाट होता. दोघांनी तो फिरवला आणि मुलगा वर आला. तो वाचला.

सगळीकडे असे घडत नाही. 9 एप्रिल 2024 रोजी, ऐन गुढीपाडव्याला, नेवासे तालुक्यातील वाकडी गावी शेणाचा काला साठविलेल्या जुन्या विहिरीत पडलेल्या मांजराला काढण्यासाठी एकामागून एक सहा जण उतरले. पाच गेले, आणि जो एक जिवंत निघाला त्याच्या कमरेला दोर बांधलेला होता. त्याआधी मे 2023 मध्ये परभणी जिल्ह्यातील सोनपेठ तालुक्यात शौचालयाची टाकी साफ करताना पाच मजूर दगावले. अमेरिकेतील 'नायोश' या संस्थेने 1986 साली नोंदविले, की अशा जागांत मरणाऱ्यांपैकी साठ टक्क्यांहून अधिक लोक दुसऱ्याला वाचवायला गेलेले असतात. मृत्यू येथे माणसाच्या दयेची वाट धरून येतो, आणि म्हणूनच माझ्या मते शिक्षणाचा मोठा भाग आत उतरणाऱ्यावर नव्हे, बाहेर थांबणाऱ्यावर खर्च झाला पाहिजे.

1948 च्या कारखाने अधिनियमाचे 36 वे कलम या बाबतीत स्पष्ट होते: एक तर सक्षम व्यक्तीने जातीने तपासणी करून लेखी दाखला द्यावा, नाही तर उतरणाऱ्याला श्वसनयंत्र आणि पट्टा असावा व पट्ट्याच्या दोराचे मोकळे टोक बाहेरच्या माणसाच्या हातात असावे. मी नेहमी दोन्ही गोष्टी मागितल्या. त्या बाहेरच्या माणसाकडे दुसरे कोणतेही काम देऊ नये, बिडीकाडीलाही त्याने बदली माणूस आल्यावाचून हलू नये. सरावात मी एखाद्याला आत मुद्दाम गप्प बसवीत असे. बहुतेक जण पहिल्या खेपेला शिडीकडेच धावत. हात शिडीऐवजी रहाटाकडे आपोआप वळेपर्यंत तोच सराव पुन्हा पुन्हा करवून घ्यावा, आणि त्यात रहाट रिकामा न फिरवता त्याला माणसाएवढे वजन लावावे. आणखी एक खबरदारी मी त्या दुपारनंतर कटाक्षाने पाळली. ठेकेदाराच्या टोळीत एकाच वस्तीचे, पुष्कळदा एकाच घरचे लोक असतात. ज्या टाकीत एक भाऊ उतरेल तिच्या तोंडाशी दुसऱ्या भावाची नेमणूक करू नये.

ठेकेदार बंधूंना माझी कळकळीची विनंती आहे, की खर्चाचा हिशेब करताना बाहेर दोर धरणाऱ्या माणसाची रोजी कापू नका. आणि घरमालकांनी शौचालयाच्या टाकीत कोणालाही उतरवू नये, मैला उपसणारी गाडी बोलवावी.